मूल होण्याचे उपचार आणि ऊसबिलाचा हिशेब



या सदरात आजवर माती परीक्षण, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, सोसायटीच्या कर्जाची फेड असे विषय येऊन गेले. आजचा विषय जरा निराळा वाटेल, पण तोही शेवटी हिशेबाचाच आहे. लग्नाला तीन-चार वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही अशी घरे गावोगाव आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. तेव्हा ही कुणा एका घराण्याला लागलेली पीडा नव्हे, की कुणाच्या पायगुणाचा प्रश्न नव्हे.

या गोष्टीवर घरात उघड बोलणे होत नाही, पैसा मात्र जात राहतो. आधी देवदेव होतो, मग कुणी सांगितलेला वैदू, मग तालुक्याच्या गावी दोन-तीन दवाखाने. दर ठिकाणी पहिल्यापासून त्याच तपासण्या, कारण आधीचे कागद कुणी जपलेले नसतात. अशा रीतीने चार-पाच वर्षे जातात, चाळीस-पन्नास हजार रुपये जातात, आणि मग कुणी पाहुणा म्हणतो, “आता टेस्ट ट्यूब करा.” त्या वेळी हातात पैसाही नसतो आणि बाईचे वयही पुढे गेलेले असते. मग जमीन गहाण पडते नाहीतर दागिने विकले जातात. हे टाळता येण्यासारखे आहे. कसे, ते आपण पाहू.

आधी तपासणी, तीही दोघांची

नियमित सहवास असून बारा महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे जावे. बाईचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावे. पाळी फारच अनियमित असेल, पूर्वी पोटाचे ऑपरेशन किंवा क्षयरोग झाला असेल, तर तेवढेही थांबू नये.

“नियमित सहवास” या शब्दांवर थोडे बोलले पाहिजे. महिन्यात दिवस राहण्याची शक्यता असते ती साधारण सहाच दिवस: बीज बाहेर पडते तो दिवस आणि त्याआधीचे पाच. पुढची पाळी ज्या तारखेला यायची, तिच्या साधारण चौदा दिवस आधी बीज बाहेर पडते. आता नवरा ट्रकवर, किंवा फौजेत, किंवा हंगामभर ऊस वाहतुकीवर रात्रंदिवस बाहेर. महिन्यातून दोन दिवस घरी येतो आणि नेमके ते दिवस चुकतात. अशा जोडप्याला पहिला उपाय औषधाचा नाही, रजेचा आहे. त्याला पैसा लागत नाही.

तपासणीचे म्हणाल तर आपल्याकडे सून एकटी दवाखान्यात जाते, बरोबर सासूबाई किंवा जाऊ. सोनोग्राफी तिची, रक्त तिचे, गोळ्या तिला. मुलगा रानात. “आमच्या पोराला काय धाड भरलीय?” हे वाक्य कितीतरी घरांत ऐकायला मिळेल. वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचे काही ना काही कारण असते, कधी एकट्याचे, कधी दोघांचे मिळून. उगवण कमी झाली तर आपण आधी बेणे बघतो, डोळे फुगले होते का, बेणे जुने होते का हे विचारतो. एकदम रानाला नापीक म्हणत नाही. मग इथेच उलटे का?

आणि पैशाच्या दृष्टीने पाहिले तरी पुरुषाची वीर्य तपासणी ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत स्वस्त तपासणी आहे. काही शेकड्यांपासून हजार-दीड हजारापर्यंत खर्च. सुई नाही, भूल नाही. दोन ते सात दिवस सहवास टाळून नमुना द्यायचा असतो. पहिला अहवाल कमी आला तर लगेच हाय खाऊ नये. ताप, आजारपण यांचाही परिणाम होतो. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून तेवढ्या अंतराने पुन्हा तपासतात. मधल्या काळात तंबाखू, मिश्री, बिडी, दारू बंद. फवारणी करताना तोंडाला फडके व अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. काही रसायनांचा पुरुषबीजावर परिणाम होतो हे नुसते ऐकीव नाही. १९७७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात डीबीसीपी नावाचे सूत्रकृमिनाशक बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये हे दिसून आले आणि पुढे तिथे त्या औषधाचा वापर बंद झाला.

बाईच्या तपासण्यांत रक्त (थायरॉईड वगैरे), सोनोग्राफी आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे बघणारी एक्स-रे तपासणी एवढ्या मुख्य. ही शेवटची तपासणी दुखते म्हणून बायका टाळतात आणि डॉक्टरही काही वेळा पुढे ढकलतात. पण नळ्या बंद असतील तर पुढचे अर्धे उपचार व्यर्थ आहेत, त्यातला पैसा पाण्यात. आपल्या देशात नळ्या बंद होण्याचे एक मोठे कारण गर्भाशयाचा क्षयरोग हे आहे. त्याला खोकला लागत नाही, बाहेरून काही दिसत नाही. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

या सर्व तपासण्या खाजगीत केल्या तर दोघांच्या मिळून दहा-बारा हजारांत बसाव्यात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत झाले आहेत, तेव्हा ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालय इथे आधी चौकशी करावी. मिरज, कोल्हापूरचे सीपीआर, पुण्याचे ससून ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तिथे थोडी फी असते, पण खाजगीच्या मानाने काहीच नाही. रांग असते, चकरा असतात, हे खरे. एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज धरूनही ते स्वस्तच पडते.

एक गोष्ट आजपासून करा. एक फाईल घ्या. प्रत्येक कागद, प्रत्येक चिठ्ठी, सोनोग्राफीचा प्रत्येक फोटो तारखेप्रमाणे लावा. सातबारा जपता तसा जपा. नवीन डॉक्टरांनी तीच तपासणी पुन्हा सांगितली तर फाईल पुढे ठेवून विचारा, “ही मार्चमध्ये झाली आहे, पुन्हा लागेल का?” काही वेळा खरोखरच लागते. पण विचारायला काही जात नाही.

घरात शिल्लक किती?

आता पैशाकडे वळू. नोकरदाराचा पगार दरमहा येतो. आपला पैसा येतो तो ऊस गेल्यावर, एकगठ्ठा, आणि येतानाच त्याला चार तोंडे लागलेली असतात. शहरातला दवाखाना मात्र सगळी मांडणी महिन्याच्या हिशेबाने करतो. इथेच आपली माणसे फसतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. समजा दोन एकर ऊस आहे, ऐंशी टन निघाला, तोडणी-वाहतूक जाऊन टनाला ३,१०० रुपये पडले. बिल झाले २,४८,००० रुपये. सोसायटीचे पीककर्ज १,१०,००० रुपये कापून गेले. खताच्या दुकानाची उधारी २५,०००, पाणीपट्टी व मोटारीचे वीजबिल १२,०००. हातात राहिले १,०१,०००. दोन गाई आहेत, पेंड-वैरण जाऊन दुधाचे महिना ५,००० म्हणजे वर्षाचे ६०,०००. एकूण १,६१,०००. घरखर्च महिना ९,००० धरला तर वर्षाचे १,०८,०००. उरले ५३,००० रुपये.

हे ५३,००० म्हणजेच या घराची उपचाराची ताकद. बिलाचे अडीच लाख नव्हेत. बँकेच्या पासबुकात अडीच लाखांची नोंद बघून डॉक्टरला होकार देणारे सभासद आहेत, म्हणून हे फोड करून लिहिले.

कुणी म्हणेल, पीककर्जाचे नवं-जुनं झाले की सोसायटीचे लाखभर रुपये परत हातात येतातच की, ते वापरू. तो पैसा पुढच्या उसाचा आहे. खत कमी पडले तर पुढच्या वर्षी ऐंशीचे साठ टन होतील. शिवाय पीककर्ज मुदतीत फेडले तरच ३ लाखांपर्यंतच्या कर्जावरची व्याजसवलत मिळते. मुदत चुकली की सवलत गेली आणि पुढचे कर्जही अडले. उपचारासाठी या पैशाला हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्रेपन्न हजारांत काय होते?

पुष्कळ होते. मूल होण्याचा उपचार म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे एकदम टेस्ट ट्यूब येते. ती वरची पायरी आहे. पुष्कळ जोडप्यांचे काम खालच्या पायरीवर होते. थायरॉईडची गोळी रोज घेणे, वजन पाच-सात किलोने कमी करणे, पाळी अनियमित असेल तर बीज तयार होण्याच्या गोळ्या, एवढ्यावर दिवस राहिलेल्या मुली तुमच्या ओळखीत निघतील. गोळ्या स्वस्त असतात; बीज वाढते आहे का हे पाहण्यासाठी महिन्यात दोन-तीनदा सोनोग्राफी करावी लागते, त्याचा खर्च. महिन्याला साधारण तीन-साडेतीन हजार धरा. तीन महिन्यांचे दहा हजार.

त्यानंतरची पायरी आययूआय. नवऱ्याचे वीर्य प्रयोगशाळेत धुऊन, योग्य दिवशी, बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. भरती व्हावे लागत नाही, त्याच दिवशी घरी येता येते. एका वेळेचा खर्च औषधे-सोनोग्राफीसह दहा हजारांच्या आसपास. यश दहा वेळांत एक, फार तर दीड असे धरावे. म्हणून तीन-चार वेळा करतात. मात्र त्यासाठी निदान एक नळी मोकळी हवी आणि शुक्रजंतूंची संख्या अगदीच कमी नको. नळ्यांची तपासणी न करता कुणी आययूआय सुचवले तर “आधी नळ्या बघूया का?” असे विचारावे. पाच-सहा आययूआय होऊनही काही नसेल तर सातवा करण्यात अर्थ नाही, तो पैसा वरच्या पायरीसाठी राखावा.

आता बेरीज करा. तपासण्या १२,०००, गोळ्यांचे तीन महिने १०,०००, तीन आययूआय ३०,०००. एकूण ५२,०००. म्हणजे आपल्या नमुन्याच्या घरात, एका हंगामाच्या शिलकीत, कर्ज न काढता, या दोन्ही पायऱ्या पुऱ्या होतात. बिल जमा झाल्याबरोबर हे पैसे वेगळ्या खात्यात टाकावेत, नाहीतर चुलत्याच्या पोरीचे लग्न, म्हशीचा व्यवहार, बोअर यांत ते कधी विरघळतात कळत नाही.

टेस्ट ट्यूब म्हणजे आयव्हीएफ

ही विद्या आता नवी राहिलेली नाही. जगातले पहिले असे बाळ २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मले. त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुसरे जन्मले. त्या गुणी माणसावर त्या वेळी कुणी विश्वास ठेवला नाही, ही आपल्या देशाला खाली मान घालायला लावणारी गोष्ट. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बाळ जन्मले. म्हणजे ही मुले आज चाळिशीची झाली. अशा मुलांत काही खोट असते ही समजूत काढून टाकावी.

खर्च मात्र मोठा आहे. खाजगीत एका प्रयत्नाला लाख-सव्वा लाखापासून अडीच लाखांपर्यंत लागतात. दारावर पाटी असते “९५ हजारांत आयव्हीएफ”. त्या ९५ हजारांत काय येत नाही ते विचारा. दहा-बारा दिवस रोज घ्यायची इंजेक्शने बहुधा बाहेर असतात. ती चाळीस हजारांची की ऐंशी हजारांची हे बाईच्या वयावर आणि बीजांच्या साठ्यावर ठरते. भुलीचा खर्च, गर्भ गोठवण्याचा खर्च, गोठवलेला गर्भ पुढच्या महिन्यात सोडण्याचा खर्च, तो ठेवण्याचे वर्षाचे भाडे, नंतरची औषधे, हे सगळे वेगळे. समजा पाटी ९५,०००, इंजेक्शने ५५,०००, गोठवणे २५,०००, आणि आठ-दहा फेऱ्या व मुक्कामाचे १५,०००. झाले १,९०,०००. हा आकडा पहिल्या दिवशी माहीत असणे आणि विसाव्या दिवशी कळणे यात फार फरक आहे. सगळी इंजेक्शने घेतल्यावर कुणी माघार घेऊ शकत नाही.

विचारायला संकोच करू नका. २०२१ च्या कायद्याने (तो २०२२ च्या जानेवारीत लागू झाला) दवाखान्याने जोडप्याला यशाची शक्यता, धोके आणि खर्च आधी समजावून सांगणे बंधनकारक आहे. दवाखाना नोंदणीकृत हवा. पहिल्या स्तराच्या दवाखान्याला आययूआय करता येते. आयव्हीएफ दुसऱ्या स्तराच्याच दवाखान्यात होते. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर बघा. बाईचे वय ५० च्या आणि पुरुषाचे ५५ च्या पुढे असेल तर हे उपचार करता येत नाहीत. बीज किंवा गर्भाची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि “मुलगाच होईल असे करून देतो” म्हणणारा तर १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालीही गुन्हेगार आहे. तशा माणसाच्या दारात उभे राहू नये, मग तो कितीही स्वस्त असो.

यशाचे बोलायचे तर मन घट्ट करून वाचा. बाईचे वय पस्तिशीच्या आत असेल तर साधारणपणे तीन प्रयत्नांत एक यशस्वी होतो. पस्तिशीनंतर हे प्रमाण उतरते, चाळिशीनंतर फार उतरते, आणि बेचाळीस-त्रेचाळीसला स्वतःच्या बीजाने मूल होणे विरळा. म्हणजे पावणेदोन-दोन लाख घालून पहिल्या खेपेस तीनपैकी दोन जोडपी रिकाम्या हाती घरी येतात. दवाखान्याच्या भिंतीवर बाळांचे फोटो असतात. न आलेल्या बाळांचे फोटो नसतात. दवाखान्याने “सत्तर टक्के यश” सांगितले तर विचारा: कोणत्या वयाच्या बायकांत, आणि नुसती तपासणी होकारार्थी आलेली की बाळ घरी गेलेले?

आणि इथेच खरा पेच आहे. आपल्या नमुन्याच्या घरात वर्षाला ५३,००० उरतात. १,९०,००० साठवायला साडेतीन वर्षे लागतील. बाई सव्वीस वर्षांची असेल तर खालच्या पायऱ्या करत, साठवत जाणे शहाणपणाचे. पण ती छत्तीस वर्षांची असेल तर साडेतीन वर्षांत यशाची शक्यता पार खाली येईल. तेव्हा साठवलेल्या पैशाने तेवढे मिळणार नाही जेवढे आज मिळते. म्हणून वय पाहून निर्णय घ्यावा. तिशीच्या आत: धीराने, पायरी पायरीने. पस्तिशीच्या पुढे, किंवा दोन्ही नळ्या बंद, किंवा शुक्रजंतू फारच कमी: खालच्या पायऱ्यांवर वर्षे घालवू नयेत, असेल तो पैसा आणि जरूर तर थोडे कर्ज घालून थेट वर जावे.

कर्ज काढायचेच तर

सरकारी योजनेचा आणि विम्याचा आधार यात फारसा नाही हे आधीच सांगतो, म्हणजे फेऱ्या वाचतील. आयुष्मान भारत योजनेत मूल होण्याचे उपचार वगळलेले आहेत. खाजगी आरोग्य विम्यातही बहुतेक ठिकाणी ते वगळलेलेच असतात. घरात नोकरीवर कुणी असेल आणि कंपनीचा गट विमा असेल तर त्याची पुस्तिका मात्र वाचून घ्यावी, काहींत थोडी रक्कम मिळते. मुंबईच्या सरकारी कामा व आल्ब्लेस रुग्णालयात २०२४ मध्ये आयव्हीएफ केंद्र सुरू झाले आहे. मुंबईत कुणी नातेवाईक राहत असतील तर तिथे चौकशी करायला हरकत नाही.

खाजगी सावकाराकडे शेकडा तीन महिना व्याजाने १,५०,००० घेतले तर महिन्याचे व्याज ४,५००, वर्षाचे ५४,०००. आपल्या घराची सगळी शिल्लक ५३,०००. म्हणजे मुद्दल तसेच राहील आणि वर्षाची सगळी कमाई नुसत्या व्याजात जाऊन वर हजार रुपये कमी पडतील. दवाखान्यातच टेबल टाकून बसलेली फायनान्सची माणसे दोन वर्षांच्या हप्त्यावर कर्ज देतात. शेकडा चौदा वार्षिक दराने दीड लाखाचा हप्ता महिना सुमारे ७,२०० रुपये बसतो. आपल्याकडे दरमहा येणारा पैसा म्हणजे दुधाचे पाच हजार. हप्ता चुकणार हे ठरलेले, त्यावर दंड. ज्याच्या घरात पगार नाही त्याने महिन्याच्या हप्त्याचे कर्ज घेऊ नये.

त्या मानाने सोनेतारण बरे. बँकेत किंवा चांगल्या पतसंस्थेत साधारण शेकडा एक महिना व्याज पडते, म्हणजे दीड लाखाला वर्षाचे १८,०००, आणि ऊसबिल आले की एकदम सोडवता येते. पण सोने कुणाचे, हेही बघा. बहुतेक वेळा ते सुनेच्या माहेरचे असते. ते तिचे आहे, घराचे नाही. तिने राजीखुशीने दिले तर घ्यावे, चिठ्ठी तिच्याच नावावर करावी, आणि पहिल्या बिलातून ते सोडवावे. दोष नवऱ्याच्या तपासणीत निघालेला आणि पाटल्या मोडलेल्या बायकोच्या, हे आम्ही पाहिले आहे. पाटल्याही गेल्या आणि वर बोलणीही तिलाच.

शेत विकण्याबद्दल दोन शब्द. गुंठे विकून केलेला उपचार यशस्वी झाला तर येणाऱ्या लेकराला तेवढे रान कमी, न झाला तर म्हातारपणाचा आधार कमी. वडीलधारी माणसे भावनेच्या भरात “माझा एक एकर घे” म्हणतात. त्यांचे मन मोडू नये, पण ते घेऊही नये.

किती प्रयत्न करायचे, हे नवरा-बायकोने पहिल्या प्रयत्नाच्या आधी, शांतपणे, दोघांनीच बसून ठरवावे आणि कुठेतरी लिहून ठेवावे. एक की दोन? कर्ज कुठवर? प्रयत्न फसल्याच्या दिवशी हा विचार करता येत नाही. त्या दिवशी माणूस कितीही पैसे द्यायला तयार होतो. पहिल्या खेपेत जास्तीचे गर्भ तयार होऊन गोठवले गेले असतील तर दुसरा प्रयत्न त्यातूनच होतो आणि तो बराच स्वस्त, तीस-चाळीस हजारांच्या घरात पडतो. म्हणून “किती गर्भ गोठवले?” हे लिहून घ्यावे. कायद्याने ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, म्हणजे पुढच्या हंगामाच्या बिलापर्यंत थांबायला जागा मिळते.

एकाच वेळी दोन गर्भ सोडावेत, म्हणजे एकाच खर्चात दोन लेकरे, असा हिशेब काहीजण करतात. जुळी बहुधा दिवस भरण्याआधी जन्मतात, वजनाला कमी असतात, आणि काचेच्या पेटीतला एकेक दिवस काही हजारांचा पडतो. पंधरा दिवसांत आयव्हीएफचा खर्च परत एकदा होतो. डॉक्टर एकच गर्भ सोडू म्हणाले तर त्यांच्याशी हुज्जत घालू नये. तसेच दिवस राहिले म्हणजे खर्च संपला असे नाही. बाळंतपणासाठी निदान तीस-चाळीस हजार बाजूला राहतील असेच बघावे.

ठरवलेले प्रयत्न झाले आणि यश आले नाही, तर दत्तक घेण्याचा रस्ता आहे. तो पोलीस-कोर्टाचा भानगडीचा रस्ता नाही, सरकारच्या ‘कारा’ संस्थेकडे रीतसर नाव नोंदवायचे असते. दोन वर्षांचा संसार हवा, आणि दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असेल तर दोघांच्या वयाची बेरीज ८५ च्या आत हवी. प्रतीक्षा काही वर्षांची असते. म्हणून ज्यांच्या मनात हे आहे त्यांनी उपचार संपेपर्यंत थांबण्याऐवजी घरात हा विषय आधीच काढावा. सासू-सासऱ्यांना पचायलाही वेळ लागतो.

पहिल्या भेटीला जाताना दोघांची आधार कार्डे, लग्नाचा दाखला आणि वर सांगितलेली फाईल बरोबर न्या. दोघांनी जा. लग्नाचा दाखला पुष्कळांकडे नसतो, तो ग्रामपंचायतीतून आधी काढून घ्या. आयव्हीएफ करायचे ठरलेच तर त्यात दहा-बारा दिवस एका दिवसाआड शहरात जावे लागते, मग बीज काढण्याचा दिवस, मग गर्भ सोडण्याचा. त्याच पंधरवड्यात तोडणीची टोळी रानात आली तर नवऱ्याची ओढाताण होते. गट कार्यालयात आपली लागणीची तारीख पाहून तोड साधारण कधी येईल ते विचारून घ्या, बिलाचा अंदाज घ्या, आणि त्याच्या नंतरचा महिना डॉक्टरांना सांगा.